दीनाबाई आणि नववे कलम

शनिवार, ३ सप्टेंबर १९५५. बाप्तिस्म्याचा हौद घासायचा होता. पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायचा आमच्या मंडळीचा हौद व्यासपीठाच्या फळ्यांखाली आहे. वर्षातून दोन-तीनदा फळ्या निघतात, एरवी आत झुरळे राहतात. ज्याचा बाप्तिस्मा असेल त्याने आदल्या दिवशी स्वतः हौद घासायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. या खेपेला उमेदवार एकटी वत्सला होती. ती कन्याशाळेत शिकवते. नवऱ्याला जाऊन वर्ष झालेले. बाप्तिस्म्याआधीचा वर्ग मी घेते, म्हणून मीही पदर खोचून तिच्याबरोबर आत उतरले होते.

अर्धा तळ झाला तेव्हा ती थांबली. म्हणाली, "सुमतीताई, मला नववं म्हणवत नाही."

"पाठ झालं नाही का?"

"पाठ आहे. म्हणवत नाही. दुपारी दवाखान्यात दीनाबाईंना विचारायला जाणार आहे मी."

"जा की. पण आधी तो कोपरा घास."

त्यानंतर थोड्याच वेळात मिशनच्या दवाखान्याचे माळी भागीरथजी सायकलवरून आले. दाराबाहेर चपला काढून आत आले, हौदापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "बहनजी, दीना सिस्टर नहीं रहीं." सकाळी औषधांचे कपाट पुसता पुसता दीनाबाई स्टुलावर टेकल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. वत्सला तिथेच रडायला लागली. मी राहिलेला कोपरा घासला. मग हातपाय धुऊन आम्ही दवाखान्यात गेलो.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेचजण ख्रिस्ती नसतील, म्हणून नववे म्हणजे काय ते सांगते. आमच्या मंडळीच्या विश्वासाची नऊ कलमे आहेत. देव एक, आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा. पवित्र शास्त्र हा त्याचा शब्द. माणूस पापी आहे आणि स्वतःच्या बळावर सुटू शकत नाही. प्रभू येशू आपल्यासाठी मेला आणि पुन्हा उठला. तारण मिळते ते त्याच्या कृपेने, आपल्या पुण्याईने नाही... असे करत करत नववे येते ते न्यायाचे. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन, आणि न ठेवणारे देवापासून कायमचे दूर. बाप्तिस्म्याच्या सकाळी सगळी मंडळी उभी राहते आणि उमेदवाराबरोबर ही नऊ कलमे मोठ्याने म्हणते. कुणीतरी एकजण पुढे उभे राहून सुरुवात करतो, बाकीचे त्याच्या आवाजामागून जातात. वीस वर्षे तो आवाज दीनाबाईंचा होता.

वर्गही त्यांचाच. मी स्वतः त्या वर्गातून गेले आहे. पोपटपंची त्यांना खपत नसे. "स्वयंपाकघरात शेजारणीला सांगशील तसं सांग," म्हणायच्या. कृपेचे कलम आले की त्या आपल्या वॉर्डात शिरायच्या. "पेशंटनं चादर नीट केली म्हणून त्याचा ताप उतरत नाही. औषध मिळालं म्हणून उतरतो. उतरल्यावर चादर खुशाल नीट करावी, चांगलंच आहे. पण ती चादर डॉक्टरला दाखवून फी मागायची नाही." एकदा वर्गातल्या एका मास्तरांनी एकात तीन कसे, यावर त्यांना तासभर छळले. शेवटी त्या म्हणाल्या, "मास्तर, मला ते सगळं उमगलेलं नाही. ज्याला सगळं उमगलं असं वाटेल, त्याला मी पुन्हा पहिल्या बाकावर बसवते."

त्यांचे माहेर इथेच इंदुरात, बडा गणपतीजवळचे. वडील होळकर दरबाराच्या दफ्तरात कारकून होते. विसाव्या वर्षी विधवा होऊन त्या नर्सिंग शिकायला मिशनमध्ये आल्या आणि चार वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. आई तीन वर्षे त्यांच्याशी बोलली नाही. मग एका शनिवारी निरोप आला, येऊन जा. तेव्हापासून दर शनिवारी दीनाबाई आईकडे जात. बसायचे ओट्यावर, चहा वेगळ्या कपात, आणि तो कप आपणच विसळून कोनाड्यात ठेवायचा. मी काही वेळा त्यांच्याबरोबर गेले आहे. त्यांची आई, आमची आजी, दारातूनच विचारायची, "काय हो मिशनवाल्या, आज किती जणांना बुडवलं?"

"दोघांना, आई."

"वर काढलं ना परत? की राहिले आत?"

"काढलं."

"मग ठीक. सुमती, तू बैठ. उभी काय? हिच्यासारखी तू पण सूखके काटा झालीस. काय खायला देत नाहीत का तुमच्या तिथे?"

असा तो शनिवार. दीनाबाई आईसमोर धर्माचा एक शब्द काढत नसत. मला ते पटत नसे. परत येताना टांग्यात मी एकदा म्हणालेही, "साऱ्या इंदूरला सांगता, आणि आईला नाही?" त्या म्हणाल्या, "सांगितलंय गं. एकदाच सांगितलं, नीट सांगितलं. आता तिला कान आहेत."

दोन वर्षांपूर्वी आजी गेली. शेवटचे सतरा दिवस दीनाबाई रजा टाकून तिथेच होत्या. तेव्हा मात्र ओटा सुटला, वेगळा कप सुटला, आजी त्यांच्या हातचे पाणी प्यायली. एका दुपारी मी मोसंबी घेऊन गेले होते. आजी डोळे मिटून पडली होती. ती एकदम म्हणाली, "तुझ्या त्या येशूला मी कधी वाईट बोलले नाही हं. जे बोलले ते तुला बोलले."

"हो, आई."

"तू जिथे जाणार, तिथे मला घेतील का गं?"

वीस वर्षे ज्या बाईने या प्रश्नाचे उत्तर वर्गात शिकवले, ती आईचा हात धरून बसून राहिली. मी मोसंबी सोलत होते, ती सोलतच राहिले. मग दीनाबाई म्हणाल्या, "मी विचारते त्याला, आई. रोज विचारते." आजी म्हणाली, "विचार. माझं नाव नीट सांग." तिसऱ्या दिवशी ती गेली. घरच्यांनी आपल्या रीतीने सगळे केले. दीनाबाई रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या.

त्यानंतर पाच आठवड्यांनी बाप्तिस्मा होता. दीनाबाई पुढे उभ्या राहिल्या, आठ कलमे नेहमीसारखी म्हटली आणि थांबल्या. मंडळीला त्यांच्या आवाजामागून जायची इतकी सवय, की आवाज थांबला तशी सगळी मंडळी थांबली, आणि झाले असे समजून खाली बसली. बाकांचा मोठा आवाज झाला. मला वाटले, बाई विसरल्या. माझा स्वभाव असा, की राहिलेले काम दिसले की हात आपोआप पुढे होतो. मी तिसऱ्या रांगेत उभीच होते. तिथूनच खणखणीत आवाजात नववे कलम एकटीने म्हणून टाकले. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मी त्यांचे उणे भरून काढते आहे, असे मला वाटत होते... मी एवढे मोठ्याने बोलले नसते, तर कुणाच्या काही लक्षातही आले नसते.

आता लक्षात आल्यावर पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, दीनाबाईंना जाब विचारणे भागच होते. ते कडक आहेत, पण लबाड नाहीत. मंडळीच्या पंचांच्या बैठकीत चिटणीस म्हणून मी होते. त्यांनी विचारले, "दीनाबाई, नववं तुम्ही मानत नाही का?"

"मानते."

"मग?"

"न्याय होणार, हे मानते. तो करणारा माझ्यापेक्षा चांगला न्याय करील, हेही मानते. पण साहेब, ते वाक्य तोंडात आलं की आईचं तोंड दिसतं. सध्या ते त्याच्या हातात राहू दे. माझ्या तोंडात नको."

पाळकसाहेब म्हणाले, जो शिकवतो त्याला सगळे म्हणता आले पाहिजे. दीनाबाई म्हणाल्या, बरोबर आहे, आणि वर्गाच्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्यापुढे सरकवली. बोभाटा नको म्हणून मंडळीत असे सांगायचे ठरले, की बाईंचे वय झाले, आता विसरायला होते. दीनाबाईंनी मान डोलावली. मीही इतिवृत्तात तसेच लिहिले. पुढे दोन वर्षे लोक त्यांच्याशी जरा मोठ्याने, सावकाश बोलत. नोटेचे सुटे पैसे त्यांना पुन्हा मोजून दाखवत. एकसष्टाव्या वर्षी साऱ्या वॉर्डाची औषधे तोंडपाठ असलेली बाई! त्यांनी कुणाला खरे सांगितले नाही. सांगितले असते, तर त्या सकाळी मी काय केले हेही सांगावे लागले असते.

माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. फक्त एकदा, दवाखान्यातून घरी चालताना म्हणाल्या, "आवाज चांगला आहे हो तुझा. पण नववं तू तार वाचल्यासारखी वाचलीस. कुणाच्या घरची तार आहे, ते बघायचं होतंस." मी हसले. त्याही हसल्या. माफी मागायची ती तेव्हाच मागायला हवी होती. मी म्हणाले, उद्या धोब्याकडे पडदे द्यायचे आहेत.

त्या शनिवारी संध्याकाळी दीनाबाईंना अंघोळ घालून, पांढरे लुगडे नेसवून आम्ही दवाखान्याच्या प्रार्थनेच्या खोलीत ठेवले. दफन रविवारी चारला ठरले. बाप्तिस्मा सकाळी होणारच होता. दीनाबाईंसाठी बाप्तिस्मा थांबवला असता तर त्या उठून बसल्या असत्या. वत्सला त्यांच्या पायाशी बसली होती. तिचा नवरा हिंदू. बायको उपासनेला जायची, तेव्हा तो तिला फाटकापर्यंत सोडायचा आणि सुटेपर्यंत बाहेर उभा राहायचा, पावसातसुद्धा. आत कधी आला नाही. ती मला म्हणाली, "ताई, नववं म्हटलं नाही तर मला पाण्यात घेणार नाहीत ना?" वर्ग माझा. उत्तर मलाच द्यायचे होते. मी म्हणाले, "सकाळी सांगते."

सकाळी सहाला मी पाळकसाहेबांकडे गेले. ते दाढी करत होते. मी दारातूनच सांगितले, "वत्सलाला नववं म्हणवत नाही."

"मग तिनं थांबावं. पुढच्या खेपेला घेऊ."

"कधीपर्यंत?"

"पटेपर्यंत."

"साहेब, पटलंय म्हणून तर तिला रडू येतं. मी दोन वर्षं न अडखळता म्हणते आहे. आम्हा दोघींत ते कुणाला खरं वाटतं, तुम्हीच सांगा."

अर्ध्या गालावर साबण तसाच असताना त्यांनी वस्तरा खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही काय म्हणता?"

"नववं तुम्ही म्हणा. तुम्ही पाळक आहात, तुम्हाला ते जड जातं की नाही ते आम्हालाही ऐकू द्या. वत्सला आठ म्हणेल."

"आणि तुम्ही?"

"मी मानते. आजही मानते. पण आज मला मंडळीला दुसरं काही सांगायचं आहे."

साडेआठला मंडळी उभी राहिली. मी पुढे गेले आणि सांगितले, की दोन वर्षांपूर्वी दीनाबाई काही विसरल्या नव्हत्या. त्यांची आई गेली होती, म्हणून त्या थांबल्या. त्यांच्यावर आवाज चढवला तो मी, आणि इतिवृत्तात खोटे लिहिले तेही मीच. मागच्या बाकावरून कुणीतरी "अरे देवा" म्हणाले. मग मी पहिले कलम सुरू केले. वत्सलाचा आवाज बारीक होता, पण आठही पुरी झाली. त्यानंतर मी तोंड मिटले आणि खाली उतरून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. नववे आता पाळकसाहेबांचे होते.