सहावं अक्षर

भर उन्हाळ्यात डब्याच्या पिशवीत लोकरीची टोपी कोंबून कामाला निघणारी बाई दुसरी कुठली असणार? तिसऱ्या मजल्यावरची स्वेटरताईच!

"डोंगर चढायला निघालीस का गं?" नवरा विचारी.

"तुम्ही बसा पंख्याखाली. मला प्रथिनं सांभाळायचीत."

बावीस वर्षं ती प्रयोगशाळेच्या शीतखोलीत जीवाणूंच्या पोटातली प्रथिनं वेगळी करून शुद्ध करत आलेली. सासूबाईंनी त्याला 'जंतूंची धुणीभांडी' असं नाव ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते फारसं चुकलेलंही नव्हतं.

यंदा मात्र तिच्या वाट्याला अफलातून नग आला. विषाणूच्या हल्ल्यातून जीवाणू वाचला, की शत्रूच्या जनुकाचा तुकडा कापून जपून ठेवतो. त्या तुकड्याची नक्कल करून ती चिठ्ठी प्रथिनांच्या टोळीच्या हाती देतो. तोच शत्रू पुन्हा आला, की टोळी चिठ्ठीतली अक्षरं, म्हणजे ओळीने गुंफलेले रेणू, ताडून बघते आणि मानगूटच धरते! डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची ही आठवण. आणि आपल्याला कपाळावरचा चष्मा सापडत नाही.

तीन महिने खपून ताईने ही टोळी चिठ्ठीसकट अखंड बाहेर काढली. ती गोठवून सूक्ष्मदर्शकातून हजारो फोटो काढले गेले, संगणकाने ते जुळवले. पडद्यावर आकृती उमटली आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचा चेहरा उतरला.

"ताई, चिठ्ठी मोडलीय. ही बघा, अक्षरं रांग सोडून बाहेर पडलीत. नमुना खराब झाला. टाकून द्या सगळा."

तीन महिने एका वाक्यात कचऱ्यात! ताईचं बोट मात्र पडद्यावर फिरू लागलं. पाच अक्षरं रांगेत, सहावं बाहेर. पुन्हा पाच रांगेत, सहावं बाहेर.

"सर, माझ्या हातून मोडली असती तर कुठेही मोडली असती. मोजून सहावंच मोडायला मी काय फूटपट्टी घेऊन बसले होते?"

सरांनी मोजलं. मग पुन्हा मोजलं. "दुसऱ्या खेपेचा नमुना आहे?"

"आहे की. घ्या त्याचे फोटो."

पुढचे दोन आठवडे ताईला घास गोड लागला नाही. घरात भाजीत मीठ दोनदा पडलं, पण बोलायची कुणाची छाती?

दुसरं चित्र आलं. तेच! आणि या वेळी अगदी लख्ख. पाठीच्या मणक्यांसारखी एकावर एक सहा सारखी प्रथिनं, प्रत्येकाला पुढे आलेला एक अंगठा. तो अंगठा सहावं अक्षर बाजूला सारून बसलेला, आणि मधली पाच अक्षरं शत्रूशी ताडायला मोकळी, नीट मांडलेली.

"ताई, ही चिठ्ठी धरलीय त्यांनी," सर हलकेच म्हणाले. "अंगठ्याने दाबून धरलीय."

त्यांनी उठून आपली खुर्ची तिला दिली. ताईने बसून पडद्यावरचे सहाही अंगठे एकेक करून मोजले.

"बावीस वर्षं यांना धुतलं, सर," ती म्हणाली, "पण यांना हात असतात हे आज कळलं."