निशिकांतची लाल काउंटी

अमेरिकेत कधी पाऊल न टाकलेला निशिकांत परदेशातल्या क्लेमेंटी उपनगरात भाड्याच्या खोलीत बसून अमेरिकेतल्या एका राज्याच्या सगळ्या काउंट्या, म्हणजे जिल्हे, सोयऱ्यांसारखे ओळखायचा. विद्यापीठातलं त्याचं कामच ते. कुठल्या काउंटीत हिस्पॅनिक-लॅटिनो, म्हणजे मूळचे स्पॅनिशभाषक मुलखांतले, लोक किती टक्के, हे जनगणनेतून काढायचं आणि नकाशा रंगवायचा. टक्का जास्त, तर लाल गडद.

कंत्राट संपत आलं होतं. सोमवारी विभागप्रमुख मेधा मॅडमना नकाशा पसंत पडला तर ते वाढणार. नाहीतर इथे राहून नोकरी करायचा पास रद्द आणि चंबूगबाळं आवरून पुणं.

नकाशात माळरानावरची एक चिमुकली काउंटी भलतीच लाल झाली होती. निशिकांत तिच्या प्रेमातच पडला. "अगं, आधी कुणीतरी एक मामा गेला असणार," तो बायकोला, विभाला, रंगात येऊन सांगायचा. "मग त्याचा भाचा, मग भाच्याचा साडू. आपण नाही का आलो तसेच!" त्यानं मनातल्या मनात तिथे किराणा दुकानं काढली, लग्नं लावली आणि शेवटी अहवालात बाळंतपणाचा दवाखानाही सुचवला.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या प्रबोधनं तो अहवाल हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, जेवताना वाचला. त्याचंही कंत्राट संपत होतं, आणि जागा एकच होती.

"झकास! अहवालातून दवाखाना अजिबात गाळू नकोस," असं म्हणून त्यानं निशिकांतच्या कॉफीचे पैसेसुद्धा दिले.

सोमवारी निशिकांत त्या काउंटीवर भरभरून बोलला. तो थांबल्यावर प्रबोधनं हात वर केला.

"निशिकांतराव, या तुमच्या गावात बायका किती?"

निशिकांतनं रकाना उघडला. जवळजवळ नव्हत्याच. मुलंही नव्हती. होते ते सगळे बाप्ये.

"तिथे मोठा तुरुंग आहे रे," प्रबोध मायेनं म्हणाला. "जनगणनेत कैदी जिथे डांबलेला, तिथलाच मोजतात. मामानं नाही, न्यायाधीशानं बोलावलंय त्यांना. आणि बाळंतपणं कुणाची करणार, वॉर्डनची?"

खोली खदखदून हसली. मेधा मॅडमनी आधी हसू दाबायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"तुला हे माहीत होतं?" बाहेर आल्यावर निशिकांतनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तू इतका खुशीत होतास, म्हटलं कशाला विरस करा!"

जागा प्रबोधला मिळाली. मेधा मॅडमना मात्र ती चूक फारच आवडली. तिच्यावर प्रबोधनं शोधनिबंध लिहावा असं ठरलं. त्यासाठी कैद्यांना त्यांच्या मूळ काउंटीत मोजून नवा नकाशा हवा होता, आणि तसा सुबक नकाशा काढणारा तिथे एकच माणूस होता.

उरलेल्या दिवसांत निशिकांतनं एकेका कैद्याला आपापल्या गावी पोचवलं. लाल काउंटी पांढरीफटक पडली. शेवटच्या दिवशी प्रबोध त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकावून म्हणाला, "वा! जाता जाता तेवढा जुना नकाशाही शेजारी लाव. खाली लिही, 'नवशिक्याची चूक.' टाइप जरा मोठा ठेव हं."

निशिकांतनं मोठा ठेवला.