चार्जर काढल्यावरचं व्होल्टेज

त्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका रिले पोस्टवर होती. मी लष्कराच्या सिग्नलचा हवालदार मगदूम, सोबत लान्सनायक तानाजी. एक फायबरची झोपडी, एक रेडिओ सेट, दोन बॅटऱ्या आणि बाहेर छपराखाली जनरेटर. खाली बेसपर्यंत टेलिफोनची तार गेली होती. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, डोंगराच्या पलीकडे उतरलं, की बेसचा रेडिओ त्यांच्यापर्यंत पोचत नसे. बेसचा निरोप तारेवर घ्यायचा आणि रेडिओवर पेट्रोलला द्यायचा, एवढंच आमचं काम.

पेट्रोलचा कमांडर बहुतेक वेळा नाईक दस्तगीर मुल्ला असे. पन्हाळ्याचा. त्याचे वडील तिथं कपडे शिवतात. माझं घर कोल्हापुरात, राजारामपुरीत. जाता-येता त्याची तुकडी आमच्याकडे चहाला थांबायची. मी जैन, त्यामुळे माझ्या वाटणीचा मटणाचा डबा त्याच्याकडे आणि त्याच्या वाटणीचे काजू माझ्याकडे, असा आमचा करार होता. रेडिओवर तो नियमाप्रमाणे हिंदीत बोलायचा. झोपडीत शिरला, की कोल्हापुरी सुरू.

आता बॅटरीबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच झालं.

जनरेटर चालू असताना चार्जर बॅटरीला कायम जोडलेला असायचा. अशा वेळी मीटर लावला, तर चौदाच्या वर व्होल्ट दिसतात. ते चार्जरचे असतात. तालमीत एखाद्याला दोघांनी काखेत हात घालून धरलं, तर तो उभा दिसतोच. त्याच्या पायांत जोर किती, ते सोडल्यावर कळतं. बॅटरीचंही तसंच. चार्जर काढायचा, रात्रभर तिला तशीच ठेवायची, मग मोजायचं. नंतर लोड देऊन पुन्हा मोजायचं. काढल्या काढल्या मोजलं, तर वरवरचा चार्ज असतो, तो फसवतो.

आमच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या. मी बेसवरच्या कॅप्टन साहेबांना फोनवर सांगितलं, की एक रात्र रेडिओची लिंक बंद ठेवायला मिळाली तर खरं काय ते कळेल. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पण पेट्रोल बाहेर असताना लिंक रात्रभर बंद ठेवता येत नव्हती, हेही खरं होतं. पंधरा मिनिटं मिळाली. त्यात मीटरने साडेबाराच्या वर दाखवलं. एक छोटा कॉलही व्यवस्थित गेला. मी रिपोर्ट दिला, रीडिंग चांगलं आहे पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. साहेबांनी त्याच दिवशी नव्या बॅटऱ्या मागवल्या. त्या हेलिकॉप्टरने यायच्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून हवा बिघडली आणि उड्डाणं थांबली.

हवा बिघडून आठवडा झाला असेल. एका सकाळी जनरेटर बंद पडला. थंडीने डिझेल नळीत गोठलं होतं. तानाजीने नळी काढली, स्टोव्हवर शेकली, परत बसवली. चालू झाला, पुन्हा बंद पडला. तोवर सेट बॅटरीवर होता. ऐकायला करंट फार लागत नाही. बोलायचं बटण दाबलं, की बॅटरीवर खरा भार येतो.

दस्तगीरची तुकडी त्या दिवशी परतत होती. चौघं. दुपारच्या सुमारास बेसवरून साहेबांचा फोन आला. समोरच्या डोंगरावरच्या आपल्या पोस्टने परतीच्या वाटेवरच्या नाल्याच्या वरच्या उतारावर बर्फाला तडा गेलेला पाहिला होता, तो कधीही खाली कोसळला असता. पेट्रोलने नाला ओलांडायचा नाही, अलीकडेच थांबायचं.

मी हँडसेट उचलला. रेडिओवर आमची पोस्ट अल्फा, दस्तगीरची तुकडी चार्ली.

"चार्ली, अल्फा. नाला—"

सेट बंद. मीटरचा काटा साडेबारावरून नऊच्या खाली गेला आणि बटण सोडल्यावर हळूहळू वर आला. सेट पुन्हा चालू केला. पुन्हा दाबलं. पुन्हा बंद.

तानाजीने बॅटऱ्या कोट आणि ब्लँकेटमध्ये गुंडाळून स्टोव्हजवळ आणल्या. ऊब मिळाली तर थोडा जोर येतो. मी बाहेर जाऊन धोक्याचा लाल फ्लेअर उडवला. वर ढग इतका खाली होता, की तो माझ्याच डोक्यावर विझल्यासारखा झाला. साहेब तारेवर विचारत होते, निरोप गेला का. मी सांगितलं, नाही सर. त्यांनी विचारलं, दुसरा काही मार्ग? तानाजी तोवर बूट बांधून उभा होता. तो पायी निघाला. नाला तासाभराच्या वाटेवर होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मग रेडिओवर दस्तगीर आला. आवाज अगदी स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा.

"अल्फा, चार्ली. नाले पर पहुँचे. आपका मेसेज कटा है. दुबारा बोलो. ओव्हर."

मी दाबलं. "रुको—" सेट बंद.

चालू केला, तेव्हा तो बोलतच होता. हिंदी सोडून दिली होती.

"मगदूम, तुझं कायबी कळंना. मी म्होरं जाऊन बघतो, पलीकडनं बोलू. बाकीची हितंच थांबत्यात."

मी बटण दाबून ओरडलो. सेट बंद झाला होता आणि मी नुसता झोपडीत ओरडत होतो. पुन्हा चालू केला. थोडा वेळ त्याचा श्वास ऐकू येत होता. चालताना त्याचा अंगठा कधी कधी बटणावर दाबला जायचा, त्याची ती सवय होती. बर्फात पाय रुतल्याचा आवाज येत होता. मी तारेवर साहेबांना म्हणालो, सर, तो नाल्यात उतरला. नंतर रेडिओवर नुसती खरखर राहिली. तुकडीचा एकमेव सेट त्याच्याच पाठीवर होता.

अंधार पडायच्या आत तानाजी तिघांना घेऊन आला. तिघंही धडधाकट होते. मी चहा ठेवला. कुणीच प्यायलं नाही.

दस्तगीर काही दिवसांनी बर्फाखाली सापडला. साहेबांनी मला त्याच्यासोबत घरी पाठवलं. पुढे चौकशी झाली. कुणाची चूक निघाली नाही. मलाही तसंच वाटतं, आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

आता मी रिटायर आहे. शाहूपुरीत माझं बॅटरीचं दुकान आहे. गिऱ्हाईक इन्व्हर्टरची बॅटरी आणतं आणि म्हणतं, मीटर तर फुल्ल दाखवतोय की. मी म्हणतो, पावणं, आज ठेवून जावा, उद्या सांगतो. काहीजण वैतागून दुसरीकडे जातात.

वर्षातून एकदा मी पन्हाळ्याला जातो. दस्तगीरचे वडील अजून मशीनवर बसतात. पहिली काही वर्षं आम्ही हवापाण्याचंच बोललो. गेल्या खेपेला त्यांनी मशीन थांबवलं आणि विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं. मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच.

"तुझं ऐकू गेलं असतं, तर थांबला असता त्यो?" त्यांनी विचारलं.

मी मशीनच्या चाकाकडे बघत होतो, ते माझ्याकडे.

मग तेच म्हणाले, "नसता थांबला. लई हट्टी हुता. ल्हानपणापासनं कुणाचं ऐकलं न्हाय त्यानं."

मी मान हलवली. त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं.

ते माझ्यासाठी बोलले, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. नाईक दस्तगीर मुल्लाने नोकरीत एकही हुकूम मोडला नाही. तो शेवटचा त्याच्यापर्यंत पोचला नाही.