शूटिंगचाचा आणि पहिला टेक

शूटिंगचाचांनी आयुष्यात किती नवरानवरींना दोनदा हार घालायला लावले असतील, देव जाणे. हार पडला, टाळ्या वाजल्या, की गर्दीतून त्यांचा आवाज यायचा, "पुन्हा एकदा, जरा सावकाश." भटजी, मामा, करवल्या सगळे निमूट थांबायचे. मोहोळपासून मंगळवेढ्यापर्यंतच्या लग्नांत हा आवाज ऐकलेली माणसं मला अजून भेटतात. मीही त्यांतलीच. सप्तपदीचं सातवं पाऊल मी दोनदा टाकलेलं आहे.

आमच्या शाळेत नववीसाठी माहितीपटाचा प्रकल्प आला आणि त्याची जबाबदारी माझ्यावर पडली. मी नेहमीप्रमाणे यादी केली. विषय, माणूस, परवानगी, कॅमेरा, संकलन, जमा करण्याची तारीख. कॅमेऱ्यापुढे चाचांचं नाव लिहिलं, कारण त्यांचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान शाळेच्या समोर होतं आणि ड्रोनवाली तरुण मंडळी आल्यापासून ते दुपारचे मोकळे असायचे. मुलांना शिकवाल का, असं विचारल्यावर म्हणाले, "शिकवतो म्हणू नका मॅडम. मलाबी शिकायचंच हाय. लग्नात सगळं आमीच सांगतो, उभं रहा, बसा, हसा. हितं म्हणे कुणाला काहीच सांगायचं न्हाय. लई अवघड हाय की."

मग ते खरंच शेवटच्या बाकावर बसले. संगणकाच्या खोलीत आम्ही माहितीपटाचे धडे लावायचो आणि चाचा चष्मा वर करून ऐकायचे. सरावासाठी मुलांनी शाळेची घंटा देणाऱ्या शिपाईकाकांचं चित्रण केलं. जोडणी चाचांनी केली. पडद्यावर काकांनी टोल दिला आणि त्यांच्या डोक्यावर संथ गतीने गुलाबाच्या पाकळ्या पडू लागल्या. वर्ग हसून लोळला. काका म्हणाले, "चाचा, माझं लगीन लावता काय ह्या वयात?" चाचा ओशाळून हसले. "सवय हो. माणूस दिसला की आमची फुलं पडत्यात."

पण शिकलेलं ते सोडत नसत. जिथे चित्रण होईल त्या जागेचा नुसता आवाज अर्धं मिनिट घेऊन ठेवायचा, हा नियम त्यांना फार आवडला. त्या अर्ध्या मिनिटात मुलं एकमेकांना कोपरं मारायची. चाचा डोळे मिटून उभे. नंतर म्हणायचे, "रिकामी खोली रिकामी नसती. ऐकलं का, पंख्याला सर्दी झालीय." प्रश्न विचारला की गप्प बसायचं, समोरचा थांबला तरी आपण मध्ये शब्द घालायचा नाही, हेही त्यांनी मुलांकडून घोटून घेतलं. मी हे सगळं फळ्यावर आकडे घालून लिहायची. ते म्हणायचे, "तुमी लिहा. मी विसरणार, मला म्हाईत हाय."

आमचा विषय होता शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायका. वर्गातल्या श्रावणीची आजी नरसम्मा तयार झाली. ओट्यावर बसून, मांडीवर सूप घेऊन ती पानं कापत, तंबाखू भरत, दोरा गुंडाळत बोलायची. तेलुगू वळणाचं मराठी, वाक्यं छोटी. श्रावणीने विचारलं, "आज्जी, कधी सुट्टी घेतली नाहीस?" नरसम्मा म्हणाली, "एकदा घ्याला पायजे होती. तुझी मोठी आत्या दवाखान्यात होती. हजार विडी पुरं करून मग जावं म्हटलं. गेली, तर खाट रिकामी." तिचे हात चालूच होते. मान खाली. तेवढ्यात शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, आणि सूप उचलताना तिचा अर्धा चेहरा चौकटीबाहेर गेला.

आणि चाचांच्या तोंडून निघालं, "अम्मा, पुन्हा एकदा. जरा हिकडं बघून."

नरसम्माने ऐकलं. सूप बाजूला ठेवलं, पदर नीट केला, कॅमेऱ्याकडे बघून तेच सांगितलं आणि शेवटी डोळे पुसले. शिट्टी नाही, चौकट नेमकी. मी वहीत दुसऱ्या टेकपुढे खूण केली. चाचांनी मात्र त्या दिवशी जागेचा आवाज घेतला नाही. कॅमेरा पिशवीत घातला, मला कार्ड दिलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, पहिलं घ्या. दुसरं नको."

"पहिल्यात शिट्टी आहे चाचा. चेहरापण कापलाय."

"असू द्या. पहिल्यात तिचे हात थांबले न्हाईत. दुसऱ्यात ती माझ्यासाठी रडली. लेकीचं मरण मी तिला परत करायला लावलं, लग्नातल्या हारासारखं."

मी म्हटलं, शनिवारी जमा करायचं आहे, आता बदल होणार नाही. बदल झाला असता. एका तासाचं काम होतं. पण दुसरा टेक स्वच्छ होता आणि मला स्वच्छ काम आवडतं. ते वाद घालणाऱ्यांतले नव्हते. "मग माझं नाव तेवढं काढा," म्हणाले. ते मी काढलं.

माहितीपट नावाजला गेला. नरसम्मा डोळे पुसते तिथे सभागृहात बायका रडल्या. चाचा आले नव्हते. पुढच्या आठवड्यात संगणकावरची जागा मोकळी करायची म्हणून मी न वापरलेल्या सगळ्या फाइली पुसल्या. कार्ड त्याआधीच कोरं करून चाचांना परत केलं होतं, त्यांना जेऊरचं एक लग्न होतं.

नंतर रस्त्यात भेट व्हायची तेव्हा ते एकच विचारायचे. "ते पहिलं ठेवलंय न्हवं मॅडम?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी "हो" म्हणून गेले. घाईत होते. दुसऱ्यांदा घाई नव्हती, तरी "हो"च म्हटलं. ते म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या. कधी वेळ मिळाला की जोडू. नरसम्माला बसवून दाखवू." हे साधारण वर्षभर चाललं.

यंदा उन्हाळ्यात लग्नाची दाट तिथी असताना, एका कार्यालयातच त्यांना छातीत दुखलं. दवाखान्यात नेईपर्यंत गेले. पंधरा दिवसांनी मी चाचींना भेटायला गेले. घरात कॅमेऱ्याची पिशवी खुंटीला होती. चाची बराच वेळ त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलल्या आणि मग म्हणाल्या, "ते म्हणायचे, माझं एकच काम खरं झालं, आन् ते मॅडमकडं हाय. मला एकदा दाखवाल? एवढ्या लग्नांतलं मी कायबी बघितलं न्हाय, पण ते बघायचंय."

मी खरं सांगितलं. कधी पुसलं, का पुसलं, दर वेळी त्यांना काय सांगत आले, सगळं सांगितलं.

 चाचींनी विचारलं, "त्यांना कळलं न्हवतं ना?"

"नाही."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.