आईचं सलाईन

नर्सिंग शिकायला मी भवानीनगरहून बारामतीला आले, तेव्हा गणितात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. वसतिगृहात माझ्या खोलीत निरवांगीची एक मुलगी आली. तिच्या आजोबांनी मेंढरं राखलेली, वडील शेती करायचे. पहिल्याच चाचणीत ती माझ्या पुढं गेली.

एकदा सलाईनचे थेंब काढायचा तास होता. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, पाचशे मिलीची बाटली चार तासांत द्यायची, एका मिलीचे पंधरा थेंब, तर मिनिटाला किती? मी गुणाकार मांडत होते, तोवर ती म्हणाली, "एकतीस."

"कसं काढलंस?" मॅडमनी विचारलं.

"तासाला सव्वाशे मिली झालं, मॅडम. मिलीला पंधरा थेंबांची नळी असली की त्याला चारानं भागायचं."

मॅडमनी खडू तिच्या हातात दिला. त्या दिवसापासून सगळा वर्ग चारानं भागायला लागला. मी मात्र हट्टानं लांबलचक गणित मांडायची. उत्तर तेच यायचं, पण तिची रीत उचलली असती तर हरल्यासारखं वाटलं असतं. वॉर्डातल्या सिस्टर "त्या निरवांगीच्या पोरीला बोलवा" म्हणाल्या की माझ्या पोटात दुखायचं.

उन्हाळ्यात आईला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. वडिलांनी तिला आमच्याच वॉर्डात आणलं. सिस्टरनी सुई टोचली आणि थेंब लावायला मला सांगितलं. मी हिशोब केला, घड्याळ धरून थेंब मोजले, नळीवरचं चाक हळूहळू फिरवलं. आईला माझ्या हातनं बरं वाटावं, एवढंच मनात होतं.

तेवढ्यात निरवांगीची ती मुलगी आली. सुट्टीत ती आमच्या घरी राहून गेली होती, म्हणून आईनं तिला ओळखलं.

"पोरी, तू बघ की गं जरा. बरूबर पडतंय का?"

मी पलंगाशेजारीच उभी होते.

तिनं मिनिटभर थेंब मोजले. "मावशी, तुमच्या लेकीनं लावलंय. अगदी बरूबर हाय."

"तू म्हणतीस तर झालं," म्हणून आईनं डोळे मिटले.

तिनं चूक काढली असती तर भांडता तरी आलं असतं.

शिक्षण संपल्यावर मला बारामतीत नोकरी लागली, तिला इंदापूरला. काही वर्षांनी आई पुन्हा तशीच आजारी पडली. घरापासून बारामती जवळ, तरी आई वडिलांना म्हणाली, "इंदापूरला चला. तितं ती पोरगी हाय."

निरोप मिळाल्यावर मी रजा टाकली आणि एसटीनं इंदापूर गाठलं. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. ती पोरगी मागं उभी राहून आईची वेणी घालत होती. आईचे केस गुंतायचे, आई कुणाला हात लावू द्यायची नाही. मलासुद्धा.

"आलीस व्हय?" आई म्हणाली. "बस. हिचं होऊ दे."

मी स्टुलावर बसले. "बरं झालं तू होतीस," असं तिला म्हणाले. ते खरंच होतं. पण तिच्या बोटांकडं मला बघवेना.