बारा खाटांची उकळी

पाण्याला उकळी फुटली की मामा डोक्यावरची टोपी काढून खिडकीत ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "हं बाबू, वाचा."

मी रजिस्टर उघडून एकेक रोगी नावानिशी वाचायचो. एक नंबर, बाई, बाभुळगाव, बाळंतीण. दोन नंबर, राळेगावचा गडी, बैलबंडीवरून पडला, पाय मोडला. मामा एकेकाचं नाव घेऊन त्याला काय हवं ते देवाकडे मागत, आणि समोर स्टोव्हवरच्या पातेल्यात काचेच्या सिरिंजा खडखडत राहत.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या साली मी मिशनच्या एका लहान दवाखान्यात कारकून म्हणून लागलो. बारा खाटा, एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि हे मामा. वॉर्डात काम करणाऱ्याला मामा म्हणायची रीत, म्हणून मामा. त्यांना नाव होतं, पण ते मी इथे लिहीत नाही. नाव उगीच घेऊ नये असं त्यांचंच मत होतं. "घ्याचं तं काही मागाच्या वेळी घ्यावं," ते म्हणत.

ही पद्धत जुन्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी घालून दिली होती. सिरिंजा वीस मिनिटं उकळायच्या आणि मामांना घड्याळ कळत नव्हतं, अक्षरही येत नव्हतं. तेव्हा बाईंनी तोड काढली. उकळी आली की आधी प्रभूची प्रार्थना, मग बारा खाटांवरच्या प्रत्येकासाठी नाव घेऊन नीट मागणं. ते संपेल तेव्हा सिरिंजाही झालेल्या असतील. पुढे बाई त्यांच्या देशात निघून गेल्या. इकडे उकळी त्यांच्याच हुकमावर चालू राहिली.

त्यातला "नीट" हा शब्द मामांनी फार मनावर घेतला होता. एका रविवारी मिशनच्या देवळात पाळकांनी "सर्व रोग्यांना बरं कर" एवढ्यावरच आटोपलं. सोमवारी मामा मला म्हणाले, "असं कसं बाबू? डॉक्टर काय साऱ्यायले एकच गोळी देते?" मी देवाधर्माच्या फंदात न पडणारा माणूस, पण हे बोलणं मला कामाचं वाटलं.

अडचण यायची ती कापूस वेचणीच्या दिवसांत. त्या दिवसांत कोणी आजारी पडत नसे, सवडच नसे. तीनच खाटा भरलेल्या, मागणं लवकर संपायचं आणि सिरिंजा कच्च्या राहायची वेळ यायची. मामांचा अंदाज पक्का होता. ते डोळे न उघडता म्हणत, "मागचे वाचा." मग मी मागची पानं उलटायचो. बरे होऊन गेलेले लोक आपापल्या वावरात कापूस वेचत असत, आणि इथे मामा त्यांच्या जुन्या गळवांबद्दल देवाशी बोलत असत.

एकदा बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक म्हातारी नातवाला घेऊन आली. तिला सगळे याडी, म्हणजे आई, म्हणत. सकाळी ती पाणी मागायला स्टोव्हच्या खोलीशी आली, तर आत एक माणूस डोळे मिटून उकळत्या पातेल्यावर तिच्या नातवाचं नाव घेतो आहे. तिला ही करणी वाटली आणि तिने मामांची बखोट धरली.

"पोराचं नाव काहून घेतलं तू?"

"मागून राह्यलो याडी. त्याचा ताप उतरू दे म्हनून."

म्हातारीने बखोट सोडली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग माह्या सर्जाचंबी घे. खुरात किडे पडले त्याच्या."

सर्जा तिचा बैल. मामांनी मला तो रजिस्टरात चढवायला लावला. खाट नंबरच्या रकान्यात काय लिहावं, हा प्रश्न मला पडला होता. मी रेघ मारली. वेचणीत जागा भरायला सर्जा नेहमी उपयोगी पडे.

एकदा मात्र मी चुकलो. बोरी अरबचा एक मजूर संध्याकाळी विषमज्वराने भरती झाला. मी घरी जायच्या घाईत होतो, नाव सकाळी चढवू म्हणून निघालो, आणि सकाळी विसरलो. मामा आधी स्टोव्हपाशी येत, मग वॉर्डात जात. मी सहावरून सरळ आठवर गेलो. दुपारी तो माणूस वारला.

मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "सात नंबर सांगतला नाही तुम्ही."

"मामा, तो तसाही जगणार नव्हता."

"मराचा तो मरते बाबू. पण अकरा जनायचं मागतलं, त्याले एकट्यालेच काहून सोडलं?"

मला लाज वाटली. आजही वाटते. त्यानंतर रोगी बाकावर टेकायच्या आत मी त्याचं नाव लिहीत असे.

मग नगरकडच्या एक तरुण डॉक्टरबाई आल्या. त्यांनी स्टोव्हच्या खोलीत भिंतीवर घड्याळ लावलं. मामांची पद्धत ऐकून त्या हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, "मी स्वतः वेळ लावून बघणार. एक मिनिट जरी कमी भरलं तर उद्यापासून मामा पट्ट्या गुंडाळतील, उकळायचं काम सिस्टर करील."

मामा मला एवढंच म्हणाले, "घड्याळाले काय मालूम, चार नंबरले काय होऊन राह्यलं?" त्या दिवशी त्यांनी भाकर तशीच बांधून घरी नेली.

दुसऱ्या दिवशी बाई मनगटावरचं घड्याळ धरून उभ्या राहिल्या. वॉर्डात माणसं चारच. मी चार वाचली, मग मागची वाचली, मग सर्जा झाला. माझ्याजवळची नावं संपली. मामांचे डोळे मिटलेलेच. त्यांनी माझ्या आईच्या मोतीबिंदूबद्दल मागितलं. ते मी त्यांना कधी सांगितलं होतं, मला आठवेना. मग म्हणाले, "प्रभू, ह्या नव्या बाईले घरची लय याद येते. ताट रोज तसंच वापस येते. तिले भूक लागू दे."

बाई घड्याळाकडे बघत राहिल्या, जरा जास्तच वेळ. आमेन झालं. "सव्वीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "सहा जास्त."

"जास्तीनं काही बिघडते का बाई?"

"नाही."

"मंग?" मामांनी टोपी घातली. घड्याळ भिंतीवर राहिलं आणि मामा स्टोव्हपाशी राहिले. बाईंचं ताट त्या रात्री रिकामं आल्याचं स्वयंपाकीणबाईने मला मुद्दाम येऊन सांगितलं.

दोन वर्षांनी मामांना कावीळ झाली आणि पोटात पाणी भरलं. बाईंनी त्यांना सात नंबरवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी जवळ बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, "उकयी कोन पाहाते?"

"नवी सिस्टर. घड्याळ लावून."

"बराबर होते?"

"बरोबर वीस मिनिटं."

"मंग बरं हाये," म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आता नावं कोणी घेतं का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर घेऊन स्टोव्हपाशी गेलो, टोपी काढून खिडकीत ठेवली आणि वाचायला लागलो. प्रार्थना मला येत नव्हती. नाव घ्यायचं आणि काय हवं ते सांगायचं, एवढं ऐकून ऐकून येत होतं. सातवर आलो, मामांचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणालो, "ह्यांना एकट्याला सोडू नका." देवाला अहोजाहो करतात की नाही, हे मामांना विचारायचं राहून गेलं होतं.

आठवड्याने मामा गेले. त्या सकाळीही त्यांचं नाव घेतलेलं होतं.

पुढे वेचणी लागली. एक दिवस याडी आली, मामांचं ऐकून ओट्यावर बसली. उठताना म्हणाली, "मंग सर्जाचं नाव कोन घेते?"

"मी घेतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खाटा तीनच भरलेल्या. तीन नावं झाली, वेळ बराच उरला. मी मागचं पान उलटलं आणि मामांचं नाव वाचलं. सिस्टर हळूच म्हणाली, "बाबू, गेलेल्यांसाठी आमच्यात मागत नाहीत."

"मागत नाही सिस्टर," मी म्हणालो. "नुसतं नाव घेतोय."

तिने घड्याळाकडे पाहिलं. मी मामांचं नाव आणखी एकदा घेतलं, आणि मग सर्जाच्या खुराकडे वळलो.