मडिवाळप्पा आणि गावचा हापसा

चाकूरच्या पट्ट्यात इंजिनाचा आजार नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस म्हणजे मडिवाळप्पा. विहिरींवरची इंजिनं त्याला वचकून असत. शहाणपण एवढं भरलेलं, की नवं ठेवायला जागा कुठून राहणार?

लातूर जिल्हा झाला आणि पाठोपाठ पावसाने तोंड फिरवलं. विहिरी आटल्या. सरकारने गावात बोअर पाडून हापसा बसवला आणि त्याची दुरुस्ती शिकायला मडिवाळप्पाला लातूरला बोलावलं. पान्हा धरणं, आटे बसवणं त्याला शिकवणाऱ्या साहेबापेक्षा झकास येत होतं, आणि तेच नडलं. साहेब म्हणाला, "पाइप वरखाली करताना आधी क्लॅम्प आवळा. पाइप सुटला तर बोअर गेलं." मडिवाळप्पा मनात हसला. विहिरीत त्याचे कितीतरी पाइप पडले होते. दरवेळी गावचा पट्टीचा पोहणारा भुजंग बुडी मारून दोर बांधायचा आणि चहा पिऊन घरी जायचा. एवढ्याशा गोष्टीचं साहेबाला कसलं भ्या!

ऐन उन्हाळ्यात हापशाला नुसता वारा येऊ लागला. गावात दुसरं पाणी नव्हतं. घागरींची रांग लावून सगळे मडिवाळप्पाच्या तोंडाकडे बघत होते. त्याने झपाझप पाइप वर काढले, झिजलेला वॉशर बदलला. हात असा चालत होता, की बघत राहावं. मग एकेक पाइप जोडून खाली सोडताना क्लॅम्प मात्र सवयीने सैलच ठेवला. पाइप सरकन सुटले आणि खोलवर दणका ऐकू आला.

"भुजंगाला बोलवा," तो निवांत म्हणाला. "बुडी मारून दोर बांधंल."

भुजंग रांगेतच होता. त्याने वाकून त्या वीतभर भोकात पाहिलं. "अप्पा, ह्यात माझा खांदा बी जात न्हाई."

एरवी गाव आठवडाभर हसलं असतं, पण घसा कोरडा असला की हसूही येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून माळापलीकडच्या गावाहून पाणी आणायची वेळ आली. मडिवाळप्पाची बायको महानंदा घागरी घेऊन निघाली, तेव्हा त्याने तिच्याकडून एक मागून घेतली आणि तिच्याबरोबर गेला. तिथे पाणी भरून डोक्यावर ठेवली, ती कलंडली. पुन्हा ठेवली, पुन्हा कलंडली. सांडलेल्या पाण्याकडे पाण्याला आलेल्या बायका बघत होत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कशी धरायची, सांग की," तो म्हणाला. आजवर त्याने कोणाला काही विचारलं नव्हतं.

महानंदाने फडक्याची चुंबळ वळून त्याच्या डोक्यावर ठेवली.

"आदी गप बसून ऐका," ती म्हणाली. "मंग मान सरळ धरा."